‘शिकाऊला एवढं पुरे’ म्हणणाऱ्यांना

नवा, सगळ्यांत स्वस्त डीएसएलआर जाहीर झाला की पहिल्या दोन-चार दिवसांत त्याच्याबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यात एक वाक्य ठरलेलं असतं : यात अमुक नाही, तमुक काढून टाकलंय, पण शिकाऊ माणसाला एवढं पुरे. नागपूरच्या बर्डीतल्या दुकानांत काउंटरपलीकडून हेच सांगतात, फोटोग्राफीचे क्लास घेणारे हेच सांगतात, आणि कॅमेऱ्यांवर लिहिणारी जाणकार मंडळीही शेवटी इथेच येऊन थांबतात. वाक्य समंजस वाटतं. घेणाऱ्याचे पैसे वाचावेत ही त्यामागची कळकळही खरी असते. तरीही ते चुकीचं आहे असं माझं म्हणणं आहे, आणि ज्याच्या भल्यासाठी ते उच्चारलं जातं त्याचंच ते नुकसान करतं.

आधी हा शिकाऊ कोण ते पाहू. कंपनीच्या जाहिरातीतला शिकाऊ म्हणजे घरी बाळ आल्यावर किंवा सहलीला निघताना कॅमेरा घेणारा नोकरदार. त्याला पाच-पन्नास चांगले फोटो हवे असतात, नंतर कॅमेरा कपाटात गेला तरी त्याचं काही अडत नाही. नागपुरात असे ग्राहक आहेतच. पण लग्नाच्या हंगामात वर्धा रोडच्या किंवा कामठी रोडच्या एखाद्या लॉनवर जाऊन बघा. मुख्य फोटोग्राफर मोठी बॉडी घेऊन वधूवरांपाशी असतो, आणि त्याच्या मागे लाइट धरणारा, जेवणाचे, आहेराचे, मामा-मावश्यांचे फोटो काढणारा वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा असतो. त्याच्या गळ्यात असतो तो हाच स्वस्तातला कॅमेरा. तो हप्त्यावर घेतलेला असतो, कधी बहिणीच्या किंवा काकांच्या नावावर. चित्रकला महाविद्यालयातला विद्यार्थी, विद्यापीठाच्या जनसंवाद विभागातली मुलगी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणाऱ्या कुटुंबांचे फोटो काढून देणारा माणूस, या सगळ्यांचा कॅमेरा तोच. तो त्यांचा पहिला कॅमेरा असतो आणि पुढची कित्येक वर्षं एकमेवही असतो. त्यावर शिकायचं असतं आणि त्यावरच कमवायचं असतं.

या माणसाची पुढची खरेदी कोणत्या क्रमाने होते हे या धंद्यात वावरणाऱ्या कुणालाही विचारा. बॉडीनंतर फ्लॅश येतो, बहुतेकदा दुसऱ्या कंपनीचा आणि वापरलेला. मग फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर ठेवून उडवायला एक साधा रेडिओ ट्रिगर. मग ५० एमएमची एफ १.८ लेन्स. नवी बॉडी सगळ्यांत शेवटी, तीही दोन हंगाम चांगले गेले तर. म्हणून कॅमेरा जाहीर होताच त्याच्याबद्दल पहिला प्रश्न विचारायला हवा तो असा : या क्रमातली कोणती वस्तू याच्यावर चालणार नाही? मेगापिक्सेल किती, सेकंदाला किती फ्रेम, हे प्रश्न नंतरचे.

२६ फेब्रुवारी २०१८ ची कॅननची घोषणा घ्या. भारतात ३०००डी आणि १५००डी या नावांनी दोन स्वस्त डीएसएलआर आले. युरोपात त्यांची नावं ४०००डी आणि २०००डी होती. यातला धाकटा ३०००डी पाहा. दोन वर्षं आधी, मार्च २०१६ मध्ये आलेल्या १३००डी मध्ये होतं तेच १८ मेगापिक्सेलचं रिझोल्युशन, तोच डिजिक ४+ प्रोसेसर, तेच ९ फोकस पॉइंट, तेच सेकंदाला ३ फ्रेम. प्रगती म्हणावी असं जवळजवळ काही नाही. जे गेलं ते मात्र पुष्कळ. १३००डी चा पडदा ३ इंचांचा आणि ९ लाख २० हजार डॉट्सचा होता, तो २.७ इंच आणि २ लाख ३० हजार डॉट्सवर आला. एवढेच डॉट्स २००६ च्या निकॉन डी४० ला होते. लेन्स बसते ते माउंट धातूचं होतं, ते प्लास्टिकचं झालं. चालू-बंद करायचं वेगळं बटण गेलं. व्ह्यूफाइंडरशेजारची डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवायची चकती गेली. आणि वरच्या हॉट शूमधली मधली पिन गेली.

प्लास्टिकच्या माउंटवर तेव्हा बरीच टीका झाली. मला ती या यादीतली सगळ्यांत मोठी गोष्ट वाटत नाही. कॅननच्या १९९० च्या ५० एमएम एफ १.८ लेन्सचं माउंटही प्लास्टिकचंच होतं आणि ती लेन्स लाखो लोकांनी वर्षानुवर्षं वापरली. लेन्सवर प्लास्टिक आणि बॉडीवर प्लास्टिक यांत फरक आहे हे खरं, कारण बॉडीवर शेकडो वेळा लेन्स चढते-उतरते आणि कधी भाड्याने आणलेली जड झूमही लागते. तरी किट लेन्स लावून जपून वापरलं तर ते माउंट टिकेल.

चकतीचं तसं नाही. चष्मा लागलेला माणूस चष्मा काढून डोळा लावेल तर त्याला फाइंडरमध्ये सगळं धूसर दिसणार, चष्मा ठेवून लावेल तर फ्रेमचे कोपरे नीट दिसणार नाहीत. मे महिन्यात दुपारी पंचेचाळीस अंशांत घामाने ओघळणारा चष्मा घालून अक्षता पडतानाचा क्षण पकडायचा आहे, हे चकती काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नव्हतं. शिकाऊ माणसाला चष्मा नसतो असं कुणी ठरवलं?

आणि ती पिन. हॉट शूच्या मधोमध असलेला संपर्क शटर उघडलं की जुळतो आणि वर बसवलेला फ्लॅश किंवा ट्रिगर उडतो. निकॉनच्या बॉडीवर जुना विवितार फ्लॅश असो की कॅननच्या बॉडीवर दिल्लीहून आलेला स्वस्त ट्रिगर, हा एक संपर्क जुळला की काम होतं. मिनोल्टाने १९८८ पासून स्वतःचा वेगळा शू काढला, सोनीने मिनोल्टाचा वारसा घेतल्यावर तोच पुढे चालवला, आणि शेवटी २०१२ मध्ये सोनीलाही मधल्या पिनेच्या शूकडे परत यावं लागलं. इतकी ही सोय सगळ्यांच्या हिताची आहे. कॅननने ती ३०००डी मधून काढली, आणि एप्रिल २०१९ च्या २००डी मार्क टूमधूनही. कॅननचे स्वतःचे फ्लॅश चालतात. इतर कंपन्यांचे काही महागडे, कॅमेऱ्याशी बाकीच्या पिनांमधून बोलणारे ट्रिगर, नव्या फर्मवेअरनंतर चालतात. ज्या साध्या, एकाच संपर्कावर चालणाऱ्या ट्रिगरवर छोट्या गावातला धंदा उभा असतो, तो मात्र ढिम्म राहतो.

यावर उत्तर मिळतं की कॅमेऱ्याच्या अंगचा फ्लॅश उघडा, त्याच्या उजेडाने बाहेरचे लाइट स्लेव्हवर उडतील. स्टुडिओत एकटे असाल तर जमवता येईल, तेही अंगच्या फ्लॅशच्या आधीच्या मोजमापाच्या झटक्याने लाइट भलत्या वेळी उडाला नाही तर. लॉनवर एकाच वेळी पाच-सहा जणांचे फ्लॅश चालू असतात. नवरदेवाच्या मित्राने फोटो काढला की तुमचा लाइट उडणार, आणि तुमच्या फोटोच्या वेळी तो अजून भरत असणार. हे ज्याने एकदा अनुभवलं तो स्लेव्हचं नाव काढत नाही.

‘शिकाऊला फ्लॅश ट्रिगर कशाला?’ असं विचारणाऱ्यांना मला सांगायचंय की उजेड कॅमेऱ्यापासून बाजूला नेणं हाच फोटोग्राफीतला पहिला मोठा धडा आहे. कपाळावर समोरून पडलेला सपाट उजेड आणि बाजूने आलेला उजेड यांतला फरक एकदा डोळ्यांना कळला की माणूस बघायला शिकतो. तो धडा शिकायची सगळ्यांत स्वस्त वाट या पिनेतून जात होती. ती बंद करून कंपनीने शिकणाऱ्याचंच शिक्षण महाग केलं.

यापुढचा युक्तिवाद किमतीचा. किंमत एवढी खाली आणायची म्हणजे कुठेतरी कात्री लावावीच लागणार, असं म्हणतात. पडद्याच्या बाबतीत मी हे मान्य करीन, माउंटच्या बाबतीतही कदाचित. पण स्वस्त कॅमेऱ्यातून जे जातं ते दर वेळी खर्चापायी जातं, हा समज या कॅमेऱ्यांच्या इतिहासानेच खोटा पाडलाय. २० ऑगस्ट २००३ ला कॅननने ३००डी जाहीर केला. ६.३ मेगापिक्सेल, बॉडीची किंमत ८९९ डॉलर, आणि हजार डॉलरच्या आत आलेला तो पहिला डिजिटल एसएलआर. त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेल्या, बऱ्याच महाग १०डी चं पुष्कळसं अंतरंग त्यात होतं. तरी आयएसओ १६०० वर थांबवला होता, फ्लॅशचा उजेड कमी-जास्त करायची सोय नव्हती. मग रशियातल्या एका हौशी माणसाने त्याचं फर्मवेअर उघडलं, त्यात फेरफार केले आणि ते सगळ्यांना देऊन टाकलं. ते भरलं की त्याच कॅमेऱ्यात आयएसओ ३२०० सुरू व्हायचा, फ्लॅशची भरपाई सुरू व्हायची. यंत्र तेच होतं, एक नवा स्क्रूही लागला नाही. म्हणजे या सोयी कॅमेऱ्यात होत्या आणि कुलूप लावून ठेवल्या होत्या. कारण उघड आहे. १०डी विकला जायला हवा होता.

पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. २००४ च्या जानेवारीत निकॉनने डी७० जाहीर केला, त्यात यातलं बरंच काही उघडं होतं. मग फेब्रुवारी २००५ मध्ये कॅननचा ३५०डी आला आणि त्यात फ्लॅशची भरपाई दिली, फोकसचे प्रकार निवडायची मुभा दिली, आरसा आधी वर उचलून ठेवायची सोयही दिली. दीड वर्षापूर्वी ज्या शिकाऊला याची गरज नव्हती, त्याला ती अचानक कशी भासू लागली? शिकाऊ तोच होता. समोर स्पर्धक उभा राहिला, एवढाच बदल झाला. ‘एवढं पुरे’ म्हणणाऱ्यांनी स्पर्धकाचं हे काम कायमचं बंद पाडायचा विडा उचललाय असं मला वाटतं. कंपनीला ग्राहकाचा रोष सोसावा लागू नये म्हणून आपणच तिची बाजू मांडायची, ही सवय आपल्याला लागली कधी?

२६ फेब्रुवारी २०१८ ला परत या. डिजिक ४+ वरचा ३०००डी जाहीर झाला त्याच वेळी कॅननने एम५० हा मिररलेस कॅमेराही जाहीर केला, आणि त्यात डिजिक ८ होता, फोरके व्हिडिओ होता. एकाच दिवशी एका ग्राहकासाठी नवं आणि दुसऱ्यासाठी उरलंसुरलं. मधल्या पिनेचा तांब्या-पितळेचा खर्च किती असेल याचा हिशेब मी करत नाही. पिनेची जागा तशीच ठेवून पिन वगळण्याने किती वाचतं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

निकॉनबद्दल बोललो नाही तर हा लेख एकतर्फी होईल. १६ नोव्हेंबर २००६ ला डी४० आला. ६.१ मेगापिक्सेल, लेन्ससह ५९९ डॉलर. तीनच महिने आधी कॅननचा ४००डी १० मेगापिक्सेल घेऊन आला होता, त्यामुळे डी४० वर सगळा मारा मेगापिक्सेलवरून झाला. तो मारा पूर्णपणे अस्थानी होता. डी४० फ्लॅशसोबत १/५०० सेकंदाच्या शटरवर चालायचा. आपल्या उन्हात याला काय मोल आहे ते समजून घ्या. भर दुपारी आयएसओ २०० वर, शटर १/२०० असेल तर ॲपर्चर एफ १६ पर्यंत बंद करावं लागतं. १/५०० मिळालं तर तेच एफ १० च्या आसपास राहतं. फ्लॅश किती अंतरापर्यंत पोहोचतो हे ॲपर्चरवर ठरतं, म्हणून तोच छोटा फ्लॅश दीडपटीहून जास्त लांब पोहोचतो. उन्हात उभ्या असलेल्या नवरदेवाच्या फेट्याखालचा अंधार या एका आकड्याने उजळतो. मार्च २००७ मध्ये १० मेगापिक्सेलचा डी४०एक्स आला, आणि त्यात हा आकडा १/२०० वर उतरला. कागदावर तो कॅमेरा सरस ठरला. उन्हातल्या माणसासाठी तो मागे गेला होता.

पण डी४० ने एक दारही लावून घेतलं, आणि तिथे माझा निकॉनवर रोष आहे. २००५ च्या डी५० मध्ये लेन्स फोकस करणारी मोटर बॉडीतच होती. डी४० मधून ती काढली. परिणाम असा की निकॉनची स्वस्त, जुनी, सगळीकडे मिळणारी ५० एमएम एफ १.८ डी लेन्स यावर लागायची, पण आपोआप फोकस व्हायची नाही. तेव्हाही म्हणाले, शिकाऊ किट लेन्सच वापरतो. निकॉनला ३५ एमएम एफ १.८ ची मोटरवाली स्वस्त लेन्स आणायला फेब्रुवारी २००९ उजाडलं, आणि ५० एमएम एफ १.८ ची तशी लेन्स एप्रिल २०११ मध्ये आली. डी४० घेऊन लग्नाच्या हॉलमधल्या पिवळट उजेडात उभ्या असलेल्या मुलाने तोवर काय करायचं होतं? हाताने फोकस करायचा, त्या छोट्या अंधाऱ्या फाइंडरमधून. याच बाबतीत कॅनन उदार होती, हेही सांगायला हवं. १९८७ पासूनच्या तिच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच असते, त्यामुळे कुठलीही ईएफ लेन्स स्वस्तातल्या स्वस्त बॉडीवर फोकस होते. म्हणजे एकीने लेन्सची वाट अडवली आणि उजेडाची मोकळी ठेवली, दुसरीने लेन्सची मोकळी ठेवून पुढे उजेडाची अडवली.

निकॉनची ही खोड पुढेही गेली नाही. जानेवारी २०१४ च्या डी३३०० ला बाहेरचा माइक लावता यायचा. ऑगस्ट २०१६ च्या डी३४०० मधून ते छिद्र गेलं, अंगच्या फ्लॅशचा गाइड नंबर १२ वरून ७ वर आला, सेन्सर झटकणारी यंत्रणाही गेली. आपल्याकडे स्थानिक बातम्या, मुलाखती, कीर्तनं, शाळेची गॅदरिंग यांचं व्हिडिओचं काम वाढत होतं नेमक्या त्याच काळात माइकचं छिद्र बंद झालं. ३० ऑगस्ट २०१८ चा डी३५०० हा या कुळातला शेवटचा, आणि कित्येक बाबतींत मला आवडणारा. नुसती बॉडी ३६५ ग्रॅम, एका चार्जवर १५५० फोटो. हळदीपासून पाठवणीपर्यंत एका बॅटरीवर निघणारा कॅमेरा या किमतीत मिळणं ही खरोखर मोठी गोष्ट होती. माइक मात्र त्यातही नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं, मोबाइल आहे ना. नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी नेहरू पुतळ्याच्या चौकात काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात तेव्हा गर्दीवर हात उंचावून फोटो काढायला मोबाइलच बरा, यात वाद नाही. मी स्वतःही तो काढतो. पण भर उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही, डोळा लावायला फाइंडर नाही, आणि बाजूला ठेवलेला लाइट उडवायची साधी, स्वस्त सोय नाही. कुणी मोबाइल घेऊन लग्नाचं काम धरू लागला तर यजमान पैसे द्यायला तयार होत नाहीत, हा भाग वेगळाच. मोबाइलने हौशी माणसाचा प्रश्न सोडवला. कमावणाऱ्याचा नाही.

डीएसएलआरच संपला, मग भांडण कशाला, हाही आक्षेप येईल. नव्या डीएसएलआरच्या घोषणा थांबल्यात जमा आहेत हे खरं. पण मे २०२३ मध्ये कॅननने आर१०० हा सगळ्यांत स्वस्त मिररलेस जाहीर केला, आणि त्याच्या पडद्याला स्पर्श कळत नाही, तो पडदा वळतही नाही. हातातल्या साध्या मोबाइलचा पडदा बोटाला ओळखतो तेव्हा. त्यावरही पहिल्याच दिवशी तेच वाक्य ऐकू आलं. तंत्र बदललं, आरसा गेला, कापाकापी मात्र तशीच पुढे आली, कारण तिला विरोध करणारं कुणी नाही. जे लिहितात त्यांच्याकडे वरच्या दर्जाची बॉडी असते. कापलेल्या वस्तूची उणीव त्यांना एका दुपारपुरती भासते, ते परीक्षण लिहून कॅमेरा परत करतात. ज्याला तो पाच वर्षं गळ्यात वागवायचाय त्याला कुणी विचारत नाही.

म्हणून मी शिकणाऱ्या मुलामुलींना उलटा सल्ला देतो, आणि दुकानदारांना तो आवडत नाही. नवा ३०००डी आणि कुणीतरी जपून वापरलेला १३००डी समोर असतील तर १३००डी घ्या. वॉरंटी नसेल, शटर किती चाललंय ते तपासून घ्यावं लागेल, रबर थोडं सुटलेलं असेल. पण पडदा मोठा आहे, माउंट धातूचं आहे, चकती आहे, पिन आहे. निकॉनकडे जाणार असाल आणि व्हिडिओचं काम मिळत असेल तर डी३५०० ऐवजी डी३३०० शोधा. खरेदीला जाताना ज्या दादासोबत काम करता त्याचा ट्रिगर आणि एक लाइट मागून न्या, काउंटरवरच ट्रिगर शूमध्ये सरकवा, चष्मा लागत असेल तर तो काढून फाइंडरला डोळा लावा आणि एक फोटो काढा. समोरचं स्वच्छ दिसलं आणि लाइट उडाला, तरच पैसे मोजा.